गांधीलमाशीचं पहिलं उड्डाण

४ फेब्रुवारी

पिवळं! भडक पिवळं! मी चंदेरी सांगितलं होतं.

सहा वर्षं हा माणूस त्या रिमोटवरच्या जेटच्या मागे लागलाय. जेवणाचं टेबल त्यानं पंखांना देऊन टाकलं, आम्ही दोघं ताटल्या मांडीवर घेऊन जेवलो, मी हूं की चूं केलं नाही. (केलं. पण फार नाही.) मागितलं काय, तर फक्त रंग. चंदेरी, आणि कडेला एक बारीक निळी रेघ. आज गॅरेजचं दार उघडते तर वरून पिवळंधमक आणि पोटाला वीतभर रुंद काळे पट्टे!

"अरे मिस्तरी, हे जेट आहे की गांधीलमाशी?"

तो ब्रश धूत होता. मान वर न करता म्हणाला, "लांबून दिसायला बरं."

लांबून दिसायला! कोणाला? आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबातली निम्मी नवी विमानं पहिल्यांदा आकाशात गेली ती माझ्या हातून. मावळतीला, काळ्या ढगापुढे, काळं विमान उतरवलंय मी. मला कोण रंग फासून दाखवणार? जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या नवऱ्याला मिस्तरी हे नाव मीच दिलं, आता त्याचा रंगारी झालाय.

आमचा करार लग्नापासूनचा. तो बांधणार, मी उडवणार. उमेदीत त्यानं स्वतःची तीन विमानं स्वतःच्या हातानं जमिनीत पेरली. तिसऱ्याचे तुकडे पिशवीत भरताना रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "माझे हात डिंकाचे गं. तूच धर." तेव्हापासून त्यानं रिमोटच्या स्टिकला बोट लावलेलं नाही. पंख तपासण्यापुरतं सोडून.

चंदेरी किती शोभलं असतं.

९ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटीच गेले. चष्म्याचा नंबर बदलला असेल, दुसरं काय.

पोरगेलासा डॉक्टर. "बसा आजी." आजी! कोणाची? माझ्या मुलीला मूल नाही, आणि असतं तरी ते ह्या गृहस्थाएवढं घोडं नसतं. तसं म्हटलंही मी. तो हसला. हसू दिसलं नाही, ऐकू आलं. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.

डावा डोळा झाकून त्याच्याकडे बघायला सांगितलं. त्याचे कान होते. केस होते. मागे भिंतीवरचं घड्याळ होतं. मधोमध, जिथे नाकडोळे असावेत, तिथे ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा मळकट डाग. जिथे बघावं तिथेच तो.

मग डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला आणि मोठा करून मला दाखवला. त्याला काय माहीत, की मी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात म्हातारी झाले! दुसऱ्यांच्या आतले डाग त्यांच्या आधी मला दिसायचे. कडेकडेनं नजर फिरवत बघितला. तो बोलायच्या आधी मीच म्हटलं, "मधला भाग झिजलाय."

"हो आजी. गेलेलं परत येत नाही. डाव्यातही सुरुवात आहे. गाडी चालवणं आजपासून बंद करा."

उडवण्याचं मी विचारलं नाही. त्याला सुचलंही नसतं. आजी काय उडवणार?

१० फेब्रुवारी

मिस्तरीला सांगितलं, नंबर वाढलाय. "बरं," म्हणाला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चहा कपात ओतला तो कपाशेजारी पडला. टेबलक्लॉथला शिव्या दिल्या. कपाच्याच रंगाचा टेबलक्लॉथ कोणी घेतला? (मीच.) मिस्तरीनं पुसलं. हल्ली तो मला टोकतच नाही. निदान एकदा तरी म्हणावं ना, "आंधळी आहेस का?" पूर्वी म्हणायचा!

मग गेला फिजिओकडे, गुडघ्यासाठी. वर्ष होऊन गेलं, दर गुरुवारी भली मोठी बॅग घेऊन जातो. टॉवेल, पट्ट्या, काय काय. गुडघा तिथल्या तिथे. अजून जिना खेकड्यासारखा तिरका उतरतो. म्हटलं, "बदल तो फिजिओ." म्हणतो, "माणूस चांगला आहे गं." चांगला आहे! माणूस चांगला म्हणून गुडघा बरा होतो?

तो गेल्यावर जुनी वही काढून वाचायला बसले. अक्षरं मधूनच गळालेली. शाळेत सिस्टर ओळ तिरकी गेली की बोटांच्या पेरांवर पट्टी मारायच्या. आज माझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. मारा सिस्टर, या.

१८ फेब्रुवारी

क्लबचा सेक्रेटरी जेट तपासायला आला. वरपित्यासारखा गॅरेजभर फिरला. ह्या स्क्रूवर बोट ठेव, त्या नळीला हुंगून बघ. नियम असा, की नवं जेट पहिल्यांदा वर न्यायचं ते क्लबनं ठरवलेल्या माणसानंच. अशी माणसं दोन. मी आणि तो. म्हणजे मी नाही म्हटलं, की मिस्तरीची सहा वर्षं ह्या फुगीर माणसाच्या हातात.

"मॅडम, तुम्हीच उडवणार ना?"

"का? तुमचा बेत आहे?"

"छे छे. तुमच्यासमोर आम्ही कोण!" आणि मिस्तरीकडे बघितलं. मिस्तरीनं स्क्रूकडे बघितलं.

मीच शिकवलंय ह्याला. शिकवताना दोन रिमोट असतात. विमान ऐकतं ते फक्त गुरूच्या रिमोटचं. शिष्याचा रिमोट गुरूच्या रिमोटला बिनतारी जोडलेला असतो. गुरूनं स्प्रिंगचं बटण दाबून धरलं, की शिष्याचा हुकूम विमानापर्यंत पोचतो. बटण सोडलं, की विमान गुरूचं. शिष्य आपला स्टिक हलवतच असतो, त्याला पत्ताही नसतो.

सेक्रेटरीच्या पहिल्या लँडिंगला विमान कुंपणाकडे निघालं होतं. मी गुपचूप बटण सोडलं, विमान उतरवलं, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास!" अजून ती गोष्ट तो नव्या लोकांना रंगवून सांगतो. "पहिल्याच लँडिंगला रेषेवर टेकवलं!" मी चहा पीत ऐकते. क्लबात सगळे गुरू हेच करतात आणि कुणीही कुणाला सांगत नाही. पहिलं लँडिंग बिघडलं, की माणूस पुन्हा येत नाही. एवढं खोटं बोलायला हरकत नाही.

जाताना म्हणाला, "मग आठ मार्चचा रविवार पक्का."

पक्का, म्हटलं. जीभ झडली का नाही माझी!

२३ फेब्रुवारी

मुलीचा फोन.

"आई, त्या खेळण्यासाठी तुम्ही दोघांनी उन्हात उभं राहायचं हे वय आहे का?"

"खेळण्याला इंजिन आहे. रॉकेलवर चालतं. तुझ्या गाडीपेक्षा जोरात पळतं."

"तेच तर म्हणते! बाबांचा गुडघा बघ."

"बाबांचा गुडघा विमानात बसत नाही."

ती हसली. मग विचारलं, "तू बरी आहेस ना? आवाज बसलाय तुझा." सांगूनच टाकणार होते. म्हटलं, थंड पाणी प्यायले. ठेवला फोन. मग न्हाणीघरात नळ सोडून बसले.

२७ फेब्रुवारी

आज गच्चीवर स्वतःची परीक्षा घेतली. समोरच्या टाकीवर घार बसते. ती उडाली. मी नजर लावली. घार वळली, आणि नाही! आकाश आहे, टाकी आहे, तारा आहेत, घार नाही. मान तिरकी केली तर डाव्या कोपऱ्यात सापडली. सरळ बघितलं, की पुन्हा गेली. असं किती वेळ केलं देव जाणे. शेजारीण खालून म्हणाली, "मान अवघडली का हो?" म्हटलं, "हो."

घार स्वतः उडते म्हणून वाचली. माझ्या हातात असती तर मेली असती.

आणि जेट म्हणजे घार नव्हे. भरल्या सुटकेसएवढं वजन, पोटात रॉकेल. वळताना विमान येतंय की जातंय हे क्षणभर उलटं कळलं, की संपलं. स्टिक चुकीच्या बाजूला जाते आणि विमान जाळीमागच्या बघ्यांत. सहा वर्षांची लाकडं गेली तर आम्ही रडू आणि गप्प बसू. पण तिथे माणसं उभी असतात. बायकामुलं घेऊन येतात मेले!

हे सगळं मला कळतं. मूर्ख असते तर बरं झालं असतं. मूर्ख नाही, म्हणूनच नीच आहे.

१ मार्च

अंगणात इंजिन लावून बघितलं. आधी मांजरासारखं गुरगुरलं, मग शीळ, मग ती शीळ वर वर चढत कानाच्या पलीकडे गेली. रॉकेलचा वास. अंगावर काटा आला. जेट दोरीनं खांबाला बांधलं होतं, तरी पुढे पुढे ओढत होतं.

मिस्तरी कानावर हात ठेवून लहान मुलासारखा हसत होता. त्याचं हसू मला माहीत आहे म्हणून दिसलं. माहीत नसतं तर दिसलं नसतं. आता असंच चालायचं. जे आधी बघून ठेवलंय तेवढंच माझं.

६ मार्च

ठरलं. उद्या सांगणार. सकाळी, चहाच्या वेळी. "मिस्तरी, मला दिसत नाही, सेक्रेटरीला उडवू दे." एवढंच वाक्य. पाठ केलंय.

७ मार्च

नाही सांगितलं.

चहाच्या वेळी तो पुढच्या चाकाला वंगण घालत होता आणि भसाड्या आवाजात काहीतरी गुणगुणत होता. मी म्हटलं, "मिस्तरी –" तो थांबला. हातातली बाटली खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत असल्यासारखा.

मी म्हटलं, "चाकाला फार वंगण घालू नकोस."

"बरं," म्हणाला. आणि मग, बाटली उचलत, "तू उडवायचंस म्हणून तर बांधलं गं. दुसऱ्या कोणासाठी हात चालले नसते."

आता सांगा! कुठल्या तोंडानं?

नास्तिक झाल्याला किती वर्षं झाली, आज शाळेतली प्रार्थना आठवत होते. निम्मी आठवली. उद्या पाऊस पडू दे. वारा सुटू दे. टायर पंक्चर होऊ दे. काहीही होऊ दे.

८ मार्च, रविवार

आकाश स्वच्छ. वारा धावपट्टीवरून सरळ. असल्या वेळी काही मदतीला येत नाही.

गाडी मिस्तरीनं चालवली. मी "आज तू चालव, माझा हात ताजा ठेवते" म्हटलं, त्यानं मान डोलावली.

सेक्रेटरीनं आज फारच वट दाखवली. सगळ्या माणसांना जाळीमागे तर नेलंच, वर आणखी मागे, पार पार्किंगच्या झाडांपर्यंत हाकललं. खुर्च्यासुद्धा उचलायला लावल्या. "एवढ्या लांब? मी काय वाघ आहे?" म्हटलं. "नवं जेट आहे मॅडम, नियम." कसला नियम! मनातून मात्र त्याचे पाय धरले. निदान माणसं लांब गेली.

रिमोट गळ्यात अडकवला. तपासणी. मिस्तरी ओरडणार, मी स्टिक हलवणार. "उजवं!" हललं. "डावं!" हललं. "शेपूट! ब्रेक!" सगळं बरोबर. एरवी तो माझ्या डाव्या खांद्याशी उभा राहतो आणि रेडिओसारखा चालू असतो. उंच, खाली, पंख सरळ कर, चाकं. आज मागे जाऊन उभा राहिला. "डोळ्यावर ऊन येतंय," म्हणाला. मागे वळून बघायची सोय नाही. उडवणाऱ्यानं विमानावरून नजर काढायची नसते.

नजर! माझी!

सोडलं. पळालं. उचललं. काय उचललं! शीळ घालत गेलं. पिवळा ठिपका डाव्या डोळ्याच्या कडेला धरून ठेवला. पहिलं वळण माझंच. पोटाचे काळे पट्टे दिसले तेव्हा कळलं की पंख कलला. मान्य करते, पट्टे उपयोगी पडले. दुसरी फेरीही निघाली. मनात म्हटलं, जमतंय की! डॉक्टर गेला खड्ड्यात.

आणि लांबच्या वळणावर ते डागात शिरलं.

नाही. कुठेच नाही. निळं आकाश, झाडं, वारा दाखवणारी ती लाल पिशवी – विमान नाही. मान फिरवली. नाही. शिष्यांना सांगते तेच केलं. इंजिन अर्धं, स्टिक मधोमध, हात थंड ठेवायचे. हात थंडच होते, प्रेतासारखे. मिस्तरीला विचारायला हवं होतं, "कुठे आहे?" दोन शब्द. नाही निघाले. आणि तो बोलका माणूस, तोही मागे चिडीचूप! मला वाटलं, मारलं मी. कोणाला तरी मारलं. फक्त अजून आवाज यायचा आहे.

आवाज आला. तीच शीळ. शांत, एकसारखी. मग उजवीकडच्या कडेला पिवळा ठिपका उगवला. पंख सरळ. जणू कुणी बोट धरून आणलंय.

पुढचं मला नीट आठवत नाही. चाकं सोडली. खाली आणलं. नाक उचलायला मला उशीर झाला असं वाटलं, बघते तो नाक आधीच वर. आणि टेकलं. कुणी उशीवर डोकं टेकावं तसं. पुढचं चाक थोडं कडकडलं, बस.

पार्किंगमधल्या टाळ्या इथपर्यंत ऐकू आल्या. सेक्रेटरी धावत आला आणि त्यानं आधी मिस्तरीचे दोन्ही हात हातात घेतले! घोगऱ्या आवाजात, "वा! वा!" – त्याला! ज्यानं फक्त डिंक लावला! मग माझ्याकडे वळून, "मॅडम, झकास." मी म्हटलं, "शाब्बास तरी म्हणा, तुम्हाला मी म्हटलं होतं." तो एकदम गोरामोरा झाला.

मिस्तरी गवतात बसला होता. शर्ट घामानं पिळून काढावा असा. विमान मी उडवलं आणि घाम ह्याला!

९ मार्च

बोटांना दिसतं. दुसरं काय म्हणणार? इतक्या वर्षांचं बोटांत मुरलेलं असतं, डोळे नसले तरी चालतं. अजून एक हंगाम सहज निघेल. डाव्या डोळ्यात आहे तोवर.

सकाळी असं लिहून उठले. दुपारी दारात एक बाई आली. "ओळखलं नाही का?" म्हणाली. शेजारीण होती. रोज भेटणारी शेजारीण.

काल मी वाचले. बोटंबिटं काही नाही, वाचले. एका डागाच्या आत नऊ-दहा श्वास एक जळतं इंजिन माणसांच्या दिशेनं मोकळं होतं आणि मी गप्प उभी होते. आणि पुढच्या रविवारी सेक्रेटरीनं विचारलं तर पुन्हा हो म्हणेन. माहीत आहे मला. कुणीतरी थांबवायला हवं. पण मला दिसत नाही हे कुणाला दिसतच नाही! ज्याच्याबरोबर जन्म काढला त्यालासुद्धा नाही.

इतकी एकटी मी कधी नव्हते.

११ मार्च

मिस्तरी पाव आणायला गेला. त्या कडकडणाऱ्या चाकाकडे बघावं म्हणून गॅरेजमध्ये गेले. जेटची बॅटरी जोडली, माझा रिमोट लावला, स्टिक हलवली. काही नाही. पुन्हा हलवली. काही नाही. रिमोट पूर्ण चार्ज. जेटचा दिवा नुसता लुकलुकतोय, दुसऱ्याच कुणाला शोधत असल्यासारखा.

बाकाखाली फिजिओची बॅग होती. टॉवेल नाही, पट्ट्या नाहीत. आत रिमोट. चालू केला, आणि गांधीलमाशीची शेपूट, पंख, सगळं झटक्यात सरळ झालं.

त्याचं स्प्रिंगचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं. मग माझी स्टिक हलवली. आता हललं. बटण सोडलं. थांबलं.

बोटानं चाचपून बघितलं. बटणाचा रंग पार उडालाय, धातू गुळगुळीत झालाय. ही झीज एका रविवारची नाही. वर्षभराच्या गुरुवारांची आहे. फिजिओ म्हणजे सेक्रेटरी! डॉक्टरच्या आधीची. मला कळायच्या आधीची.

सगळं होतं तसं ठेवलं. तो पाव घेऊन आला, जिना तिरका चढत. विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"सुधारतोय," म्हणाला.

नाक जरा लवकर उचलतो. रविवारी सांगायला हवं.